वापरलेली कोळशाची ग्रिल सुटी करून कारमधून कशी आणायची? (नागपूर ते देवळी, माझ्या अनुभवासकट)

आपल्या साईटवर आपण मोबाईल, अॅप, सेटिंग याबद्दल बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण मोबाईल यातही आहेच. जुनी वस्तू ऑनलाईन जाहिरात बघून घेणं आता आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी केलंय. फोन, सायकल, टेबल, कुलर. यावेळी मी घेतली कोळशाची ग्रिल, म्हणजे बार्बेक्यू. विकणारा नागपूरला आणि मी देवळीला. मध्ये वर्धा, आणि एकूण अंतर नव्वद किलोमीटरच्या पुढे. ट्रान्सपोर्टवाल्याने जो भाव सांगितला तो ऐकून मामाला फोन केला. मामाकडे वॅगन आर आहे.

ग्रिल सुटी करायला अर्धा तास लागला. ती घरी सुखरूप आणायला मात्र जरा जास्तच अक्कल लागते, आणि ती मला वाटेत आली. ते काय झालं ते खाली सांगतोच.

देवळीत ग्रिल कशाला, हा प्रश्न घरीही निघाला. आपल्याकडे वांगी पऱ्हाटीच्या नाही तर तुराट्यांच्या जाळावर भाजतात आणि त्या भरताला तोड नाही, हे मलाही मान्य आहे. पण घराच्या गच्चीवर पऱ्हाटी पेटवली की शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे घेऊन धावतात. झाकणाची ग्रिल असली की धूर आटोक्यात राहतो आणि ठिणगी उडत नाही.

आधी ग्रिल कोणत्या प्रकारची आहे ते बघा

बाजारात जुनी ग्रिल शोधली तर साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे पत्र्याची चौकोनी पेटी, खाली चार पाय, पायांना विंग नट. हा प्रकार पाच मिनिटांत सुटा होतो, त्याच्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. दुसरा म्हणजे तेलाचा २०० लिटरचा ड्रम उभा कापून वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेली ग्रिल. ही सुटी होत नाही, कारण सगळं वेल्ड केलेलं असतं. फार तर झाकणाचे बिजागर निघतात. ती कारमध्ये बसवायचा प्रयत्नच करू नका, छोटा हत्ती सांगा.

तिसरा प्रकार म्हणजे गोल, किटलीसारखी झाकणवाली. मी घेतली ती हीच. हिचा शोध अमेरिकेत १९५२ मध्ये लागला. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस काम करायचा. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे गोल बोये बनायचे. त्याने एक बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याला मूठ लावली आणि झाली ग्रिल. आजही जगभर याच घडणीच्या ग्रिल बनतात, त्यामुळे कंपनी कोणतीही असो, सुटं करायची रीत जवळपास सारखीच आहे.

तुमच्या आजीकडे शेगडी असेल तर ग्रिलचं काम समजायला वेळ लागणार नाही. शेगडीत मध्ये जाळी असते, जाळीवर कोळसा, खाली राख पडायची जागा आणि समोर हवा जायला तोंड. ग्रिलमध्येही तेच आहे. कढईसारखा खालचा भाग, त्यात कोळशाची जाळी, तिच्या वर अन्नाची जाळी, कढईच्या बुडाला हवेची झडप, झडपेखाली राखेचा डबा. वरून झाकण, त्यालाही झडप. खालून हवा आत, वरून धूर बाहेर. झडपा कमी-जास्त करून आच कमी-जास्त होते. शेगडीला झाकण नव्हतं, एवढाच काय तो फरक.

घेण्याआधी फोनवर काय करायचं

जाहिरातीतल्या फोटोवर साईज कळत नाही. मी विकणाऱ्याला सांगितलं, ग्रिलच्या जाळीवर ५०० ची नोट ठेवून बरोबर वरून फोटो काढा. सध्याची ५०० ची नोट १५ सेंटीमीटर लांब आणि ६.६ सेंटीमीटर रुंद असते. फोटोत नोट किती वेळा मावते ते मोजलं की व्यास निघतो. माझ्या फोटोत जाळीवर नोट साडेतीन-पावणेचार वेळा बसत होती, म्हणजे ग्रिल ५७ सेंटीमीटरवाली. हा या ग्रिलचा सगळ्यात चालणारा आकार आहे. फोटो तिरपा असेल तर हा हिशोब चुकतो, म्हणून 'बरोबर वरून' हे दोनदा सांगा.

मोजमापाच्या अॅपबद्दल बरेच जण विचारतात. आयफोनमध्ये मोजायचं अॅप आधीपासून असतं. अँड्रॉइडवर गुगलचं स्वतःचं अॅप होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं, आता इतर कंपन्यांची मिळतात. मी वापरून पाहिली आहेत. टेबल, पलंग अशा गोष्टींना ठीक आहेत, पण गोल आणि चकचकीत वस्तूवर दोन-तीन सेंटीमीटर इकडे-तिकडे होतात. डिक्कीच्या तोंडाशी दोन सेंटीमीटर म्हणजे वस्तू आत जाणार की नाही एवढा फरक. मामाच्या गाडीची डिक्की मी शिंप्याच्या टेपने मोजली, आणि तुम्हीही तेच करा.

आणखी एक. गाडीच्या जाहिरातीत डिक्कीचे लिटर लिहिलेले असतात, वॅगन आरचे ३४१ लिटर. ५७ सेंटीमीटर व्यासाचा पूर्ण गोळा काढला तर तो साधारण ९७ लिटरचा होतो. म्हणजे लिटरच्या हिशोबाने तीन ग्रिल बसायला पाहिजेत! प्रत्यक्षात एकही बसत नाही. कारण पाय, झाकण लावलेली ही ग्रिल जवळजवळ एक मीटर उंच असते आणि डिक्कीची खोली सीटपर्यंतच असते. लिटर पाण्याला चालतात, गोल आणि कडक वस्तूला लांबी-रुंदी-उंची लागते.

पैशाचं पण सांगून ठेवतो, कारण जुन्या वस्तूंच्या व्यवहारात फसवणूक इथेच होते. वस्तू हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे पाठवू नका. आणि तुम्ही विकणारे असाल आणि समोरचा म्हणाला की पैसे मिळायला हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, तर फोन ठेवून द्या. यूपीआयमध्ये पिन फक्त पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. कोणी अडकलंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करायचा.

सोबत न्यायचं सामान

पेचकस (चपटा आणि फुलीचा दोन्ही), ८, १० आणि ११ नंबरचा पाना, पक्कड, गंज सोडवायचा स्प्रे, दोन जुन्या चादरी, एक सतरंजी, रद्दी, प्लास्टिकची मोठी पिशवी, सुतळी, हातमोजे आणि झाकणाच्या दोन-तीन छोट्या डब्या. आणि प्यायच्या पाण्याव्यतिरिक्त पाच लिटरचा पाण्याचा कॅन. तो का, ते पुढे कळेल. मी नेला नव्हता.

पान्याच्या नंबरचं कारण असं की ६ मिलीमीटरच्या बोल्टला १० चा पाना लागतो आणि ५ मिलीमीटरच्याला ८ चा. पण ग्रिल अमेरिकन मापाची असेल तर पाव इंची बोल्टचं डोकं ७/१६ इंच, म्हणजे ११.१ मिलीमीटर असतं. त्यावर ११ चा पाना कसाबसा चालतो, १२ चा फिरतो आणि डोकं गोल करून टाकतो. डोकं एकदा गोल झालं की मग पक्कड आणि शिव्या.

स्प्रेबद्दल एक सूचना. डब्यावर लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो, उन्हात बंद उभ्या गाडीत तो त्याहून कितीतरी जास्त होतो. त्यामुळे काम झालं की स्प्रे गाडीत सोडून जेवायला जाऊ नका, सोबत घ्या.

सगळ्यात आधी: ग्रिल थंड आहे का?

आता ते सांगतो. विकणारे दादा चांगले होते. ग्रिल चालू आहे हे दाखवायला त्यांनी सकाळी मुद्दाम कोळसा पेटवून ठेवला होता. आम्ही पोहोचलो दुपारी दीडच्या सुमारास. कढई हाताला कोमट लागत होती. कोळसा संपलेला दिसत होता, राख डब्यात पडली होती. दादा म्हणाले, "थंड आहे, घेऊन जा." मी डब्यात बोट घातलं, वरची राख खरंच थंड होती. मी डबा तसाच दोन-तीन रद्दी पेपरांत गुंडाळला आणि डिक्कीत ठेवला. स्वतःला फार व्यवस्थित समजत होतो.

ऊन म्हणजे नागपूरचं ऊन. काचा बंद, एसी फुल आणि एसीचं बटण आतलीच हवा फिरवण्यावर. बुटीबोरी सोडलं आणि थोडा वास यायला लागला. मला वाटलं जुनी ग्रिल आहे, तेलाचा वास येणारच. केळझर यायच्या आत माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळल्यासारखं झालं. म्हटलं ऊन लागलं असेल. मामा दोनदा जांभई देऊन म्हणाले, "अबे, कायतरी जळून राहिलं बे गाडीत. तुले वास नाही येऊन राहिला का?"

"मामा, काचा खाली करा. आणि गाडी घ्या बाजूला."

डिक्की उघडली तर पेपर तपकिरी झालेले, आणि एका जागी रुपयाएवढं भोक, त्याच्या कडा लाल. डबा काडीने ओढून रस्त्याच्या कडेला मातीत उलटा केला. वरची राख थंड, पण खाली सुपारीएवढे चार-पाच निखारे चांगले जिवंत. प्यायच्या बाटलीतलं होतं नव्हतं तेवढं पाणी ओतलं तर चर्र करून वाफ आली. मग आम्ही बाभळीच्या सावलीत पाऊण तास बसलो. चारही दारं उघडी ठेवून. मामा मला काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

यामागचं विज्ञान नीट समजून घ्या. राख ही उत्तम गोधडी आहे. ती निखाऱ्याला हवा कमी मिळू देते आणि उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे निखारा विझत नाही, हळूहळू धुमसत राहतो. जुन्या काळी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली दाबून ठेवायचे आणि सकाळी तोच फुंकून पेटवायचे, ते याच कारणाने. आपल्या आज्यांना जे रोज करायचं माहीत होतं ते मी डिक्कीत केलं.

आणि हवा कमी असताना धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साईड वायू सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास आला तो तेलाचा, पेपरचा, वायूचा नव्हे. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटींहून जास्त घट्ट पकडतं, म्हणून थोडा वायूही शरीराचा ऑक्सिजन अडवतो. लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप येणं. झोप येणं हे गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत काय आहे ते वेगळं सांगायला नको. हॅचबॅक गाडीत डिक्की आणि बसायची जागा यांच्यामध्ये भिंत नसते, म्हणून डिक्कीत ठेवलं म्हणजे बाहेर ठेवलं असं होत नाही. एसी आतलीच हवा फिरवत असेल तर वायू साठतच जातो.

असं वाटलं तर आधी गाडीतून बाहेर, मोकळ्या हवेत. कोणाला उभं राहता येत नसेल, गुंगी येत असेल, गोंधळल्यासारखं होत असेल तर १०८ ला फोन. 'थोडा वेळ बसू, बरं वाटेल' यावर अशा वेळी विसंबू नका.

इथे एक मोबाईलची गोष्ट. प्ले स्टोअरवर 'कार्बन मोनॉक्साईड डिटेक्टर' अशा नावाची अॅप दिसू शकतात. आपण वापरतो त्या फोनमध्ये हा वायू ओळखणारा सेन्सरच नसतो. कॅमेरा आहे, मायक्रोफोन आहे, होकायंत्र आहे, पण नाक नाही. असं अॅप जे आकडे दाखवतं ते खोटे. खरा डिटेक्टर वेगळा मिळतो. कॅमेऱ्याने निखारा शोधायचाही प्रयत्न करू नका, राखेखालचा निखारा कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

मग थंड आहे हे ठरवायचं कसं? विकणाऱ्याला आधीच सांगायचं, दोन दिवस ग्रिल पेटवू नका, चालू असल्याचा व्हिडिओ पाठवा. पेटवलीच असेल तर कोळसा आणि राख चिमट्याने, पत्र्याने लोखंडी बादलीत काढायची, पाणी ओतायचं, काडीने ढवळायचं, पुन्हा पाणी ओतायचं. चेहरा लांब ठेवून, कारण वाफ अंगावर येते. पाणी गरम कढईत ओतायचं नाही, त्यावरचा मुलामा तडकतो. आणि राख गाडीत आणायचीच नाही. थंड असो, ओली असो, ती तिथेच सोडायची. भांडी घासायला घरी दुसरी राख मिळते. उरलेला कोळसा, पेटवायचं रॉकेल, स्पिरिट हेही विकणाऱ्याकडेच राहू द्या, तो फुकट देत असला तरी.

आता प्रत्यक्ष सुटी करणं

पहिलं काम पाना हातात घ्यायचं नाही, फोन हातात घ्यायचं. ग्रिलचे चारही बाजूंनी फोटो, मग प्रत्येक जोडाचा जवळून फोटो. मी फोन एका खुर्चीला टेकवून अख्खं काम व्हिडिओत घेतलं. नंतर जोडताना फोटोपेक्षा व्हिडिओच कामाला आला, कारण कोणता वायसर आधी आणि कोणता नंतर हे फोटोत दिसत नाही. कढईवर किंवा झाकणाच्या झडपेवर काही नंबर कोरलेला असेल तर त्याचाही फोटो काढा. नंबरवरून मॉडेल शोधून त्याचं मॅन्युअल पीडीएफमध्ये मिळालं तर अर्धं काम झालं.

झाकण काढून चादरीवर ठेवायचं, मूठ खाली नको. दोन्ही जाळ्या बाहेर काढायच्या. त्यांना चरबी चिकटलेली असते, म्हणून पेपरात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत टाकायच्या. झाकणाच्या आत काळे पापुद्रे निघताना दिसले तर रंग उडाला असं समजून भाव पाडायला जाऊ नका. (मी गेलो होतो.) तो रंग नसतो, धूर आणि तेल जळून बसलेला थर असतो, ब्रशने निघतो.

राखेचा डबा बहुतेक ग्रिलमध्ये थोडा फिरवून किंवा दोन तारांच्या चिमट्या दाबून निघतो. तो निघाला की कढई सतरंजीवर पालथी घालायची. आता तीन पाय आकाशाकडे. पाय कढईच्या बुडाला असलेल्या नळ्यांत घुसवलेले असतात. नव्या मॉडेलमध्ये पायाला स्प्रिंगचं छोटं बटण असतं, ते पेचकसाने आत दाबून पाय ओढायचा. जुन्यात बटण नसतं, पाय नुसता घट्ट बसलेला असतो. तिथे हातोडी मारायची नाही. दोन्ही हातांनी पाय धरून डावीकडे-उजवीकडे पिळत वर ओढायचा. गंजामुळे हलत नसेल तर जोडावर स्प्रे मारून पंधरा मिनिटं चहा प्यायचा आणि मग पिळायचा. आमचे दोन पाय लगेच आले, तिसऱ्याला दोन चहा लागले.

हातोडी का नको, तर कढईवरचा चमकदार काळा थर म्हणजे साधा रंग नाही. ती पत्र्यावर भट्टीत वितळवून बसवलेली काच आहे, चहाच्या जुन्या इनॅमलच्या मगासारखी. तो मग आपटला की टवका उडतो आणि तिथून गंज धरतो, अगदी तसंच इथे होतं. टवका उडालेली ग्रिल चालते, पण तिचं आयुष्य तिथून मोजायला लागायचं.

पायांमध्ये खाली जी त्रिकोणी तारेची फळी असते ती पाय निघाल्यावर आपोआप सुटते. चाकं मात्र मी काढली नाहीत. चाकांच्या टोप्या आसावर ठोकून बसवलेल्या असतात, काढताना बहुधा वाकतात आणि तशा पुन्हा नीट बसत नाहीत. चाकासकट दोन पाय आणि आस एक तुकडा म्हणून सीटखाली आडवा गेला. झाकणाची मूठ, थर्मामीटर, बुडाची झडप हेही उघडायचं नाही. झडपेचा मधला बोल्ट वर्षानुवर्षं उष्णता खाऊन पत्र्याशी एकजीव झालेला असतो, तो तुटतोच. माझं मत असं की जे गाडीत बसतंय ते उघडायचं नाही. आपण ग्रिल छोटी करायला आलोय, रिपेअर करायला नाही.

निघालेले बोल्ट-वायसर एका डबीत, आणि डबीवर चिठ्ठी. 'नंतर लक्षात राहील' हे कधीच खरं होत नाही.

तिथेच धुऊन घ्यावी असं वाटेल. धुऊ नका. राख आणि पाणी मिळून जो लगदा होतो तो क्षारयुक्त असतो आणि सांध्यांमध्ये अडकला तर पत्रा खातो. कोरड्या ब्रशने झाडायची, बाकी घरी.

गाडीत लावताना

झाकण कढईत उलटं बसेल आणि जागा वाचेल असं मला वाटलं होतं. बसलं नाही, झाकणाचा व्यास थोडा जास्त असतो. शेवटी मागच्या सीटचा छोटा भाग दुमडून कढई डिक्कीत पालथी ठेवली, खाली सतरंजी, वरून चादर. झाकण चादरीत गुंडाळून सीटच्या मोठ्या भागावर ठेवलं आणि सीटबेल्ट लावला. मामा हसले, "पोराले बसवलं बे." पण सीटबेल्ट लावायचाच. गाडी ६० च्या वेगात असताना अचानक थांबली तर आतली सुटी वस्तू ६० च्याच वेगाने पुढे येते. तो मार सुमारे १४ मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूएवढा असतो. म्हणजे चौथ्या मजल्यावरून लोखंडी झाकण तुमच्या मानेवर. जाळ्या तर त्याहून वाईट, त्यांच्या कडा बघा एकदा. त्या कढईखाली ठेवायच्या, मागच्या काचेपाशी नाही.

ड्रायव्हरच्या पायाशी काहीही नको, एक बोल्टसुद्धा नको. ब्रेकखाली गेला तर संपलं. मागचा आरसा झाकला जाणार नाही हे बघा. आणि डिक्की अर्धी उघडी ठेवून, पाय बाहेर काढून, सुतळीने बांधून आणायचा विचार असेल तर सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीच्या बाहेर निघालेल्या मालासाठी २० हजार रुपये दंड आहे. तेवढ्यात नवीन ग्रिल येते. शिवाय उघड्या डिक्कीतून गाडीचाच धूर आत येतो, आणि त्यातही कार्बन मोनॉक्साईड असतो.

काचा थोड्या उघड्या, एसी लावलाच तर बाहेरची हवा घेणाऱ्या सेटिंगवर. केळझरनंतर सेलू, पवनार, वर्धा, सावंगी करत देवळीपर्यंत आम्ही चारही काचा खाली करून आलो. गरम हवेचा भपका तोंडावर, पण कोणीही तक्रार केली नाही.

घरी आल्यावर

जोडायचं काम उलट क्रमाने. कढई पालथी, आधी चाकांचा तुकडा आणि फळी, मग तिसरा पाय, बटण 'टक' वाजेपर्यंत. सरळ करून हलवून बघायची. आमची डुगडुगत होती. व्हिडिओ मागे-पुढे करून पाहिला तेव्हा कळलं की फळीची एक बाजू मी उलटी लावली होती.

जाळ्या साबणाने धुऊन उन्हात वाळवल्या. तारेचा ब्रश जुना असेल तर वापरू नका, त्याचे केस तुटून जाळीत अडकतात आणि मग जेवणात येतात. गरम जाळीवर अर्धा चिरलेला कांदा काट्याला टोचून घासला की काम होतं. पहिल्यांदा अर्धा तास नुसता कोळसा पेटवून, झाकण लावून, दोन्ही झडपा उघड्या ठेवून जाळून घ्यायची, जुनं तेल निघून जातं. हे मोकळ्या गच्चीवर किंवा अंगणात. पाऊस आला म्हणून खोलीत, बंद पोर्चमध्ये किंवा गॅरेजमध्ये नाही, कारण वर सांगितलंच.

गच्चीवर मामांनी राखेचा डबा हातात घेतला, बाजूला पाण्याची बादली ठेवली आणि मला म्हणाले, "आता सांग, थंड हाय का?" मी डबा बादलीत बुडवला. मग वांगी लावली. अर्ध्या तासात साल करपून सुटायला लागली, आत लोण्यासारखी. मामींनी त्यात कांद्याची पात आणि हिरवी मिरची घातली. पऱ्हाटीवरचं भरीत थोडं जास्त चांगलं लागतं, एवढं बोलून मामांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.